पातीच्या कांद्याचे इवाई

अख्ख्या वऱ्हाडात माझ्या इवायांइतका नालायक इवाई दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आला नसेल. हे मी त्यांच्या पाठीमागे बोलत नाही. तोंडावर अनेकदा बोललो आहे, आणि त्यांनीही दर वेळी मान हलवून दुजोरा दिला आहे. इवाई म्हणजे व्याही. आमच्याकडच्या तोंडांत तो शब्द घासून असा गुळगुळीत झाला आहे. आता मुलाकडचा इवाई म्हटला की त्याची काही ठरलेली कामं असतात. त्यानं लग्नात निदान एकदा तरी रुसावं, मानाचा फेटा आखूड निघाला म्हणून मांडव सोडून चालू लागावं, चार जणांनी त्याला हातापाया पडून परत आणावं, म्हणजे लग्न लागल्यासारखं वाटतं. माझ्या मुलीच्या, स्नेहलच्या लग्नात आम्ही माझ्या धाकट्या मेव्हण्याला खास या समजुतीच्या कामावर नेमलं होतं. तो सकाळपासून वरपित्यावर डोळा ठेवून होता. दोन पंगती उठल्या तरी रुसव्याचं चिन्ह दिसेना, आणि तिसऱ्या पंगतीला तर वरपिताच दिसेना, तेव्हा तो घाबरून शोधायला निघाला. इवाई मंगल कार्यालयाच्या मागच्या बाजूला सापडले. नव्या कोऱ्या सफारीच्या बाह्या कोपरापर्यंत सारून ते मोरीवर आइस्क्रीमचे रिकामे डबे विसळत उभे होते. "बुडाले भोकं पाडले का झालं," ते मेव्हण्याला म्हणाले. "कांद्याचं बी टाकाले याच्याहून चांगलं भांडं नाई." संध्याकाळी वरात अकोल्याला निघाली तेव्हा गाडीच्या डिकीत नवरीच्या दोन बॅगा होत्या आणि आइस्क्रीमचे चौदा डबे होते.

इवाई मूळचे अकोल्याजवळच्या खेड्यातले, भाजीपाला पिकवणाऱ्या माळ्याच्या घरातले. घरचं वावर भावाभावांत वाटलं गेलं तेव्हा यांनी आपली पट्टी थोरल्या भावाच्या हवाली केली आणि एसटीच्या स्टिअरिंगवर जाऊन बसले, ते तीस वर्षांनी उतरले. उतरल्यावर वर्षभरातच विहीणबाई गेल्या. मग या गृहस्थांनी गच्चीवर जे बस्तान मांडलं ते आजतागायत. गच्चीवर पीक एकच, पातीचा कांदा. वांगी नाहीत, भेंडी नाही, तुळससुद्धा खाली अंगणात. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "बाकी भाजीले वावर लागते, इवाई. पातीले बोटभर माती आन मानसाची नजर, येवढं पुरते." पण ही पात बियापासूनच झाली पाहिजे. स्वयंपाकघरात कोंब फुटलेला कांदा कुंडीत खुपसला की आठ दिवसांत पात वर येते, हे मी माझ्या मते त्यांचे कष्ट वाचावेत म्हणून सुचवलं होतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू दुसऱ्याच्या लेकराला आपलं आडनाव लावायला निघालो होतो. "तो म्हातारा कांदा मरता मरता पात टाकते. तेच्यात आपलं काय?" ते म्हणाले, आणि त्या दिवशी माझ्याशी कांदा या विषयावर पुन्हा बोलले नाहीत.

बी पेरायच्या दिवशी ते साबणानं हात धुऊन, डोक्याला रुमाल बांधून बसत. त्या वेळी कुणी बोलायचं नाही. दारावरची बेल वाजली तर वाजू द्यायची. चाळलेल्या मातीवर चिमटीतून तिळाहून बारीक, काळंकुळं, तीन कोनांचं बी पडू लागलं की ते श्वाससुद्धा बेतानं घेत, कारण एकदा शिंक येऊन अर्धी वाटी बी शेजाऱ्याच्या टाकीवर गेलं होतं. वरून माती भुरभुरायची, तीही नखाच्या जाडीची. मग ओलं गोणपाट. त्यानंतरचे आठ दिवस ते दिवसातून चार वेळा गोणपाटाचा कोपरा उचलून पाहत. कांद्याचं रोप सरळ वर येत नाही. आधी दोऱ्याचा फास निघावा तशी वाकडी हिरवी काडी निघते, मग ती हळूहळू मान वर करते, आणि तिच्या शेंड्यावर ते काळं बी टोपीसारखं अडकलेलं असतं. अशी पहिली टोपी दिसली की इवाई सगळ्या नातेवाइकांना फोन लावत आणि एकच शब्द बोलत, "निघालं!" पहिल्या वर्षी आमच्याकडे असा फोन आला तेव्हा माझ्या बायकोला वाटलं, अकोल्याहून कुणीतरी यायला निघालं. तिनं चहाचं आधण वाढवलं, मला माझ्या चष्म्याच्या दुकानातून बोलावून घेतलं, आणि आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत चांगले कपडे घालून बसून होतो.

काळ मोजायची त्यांची रीतही तीच. कॅलेंडर त्यांना फक्त एसटीच्या ड्यूटीसाठी लागायचं. आता कुणाचं बारसं, कुणाचं ऑपरेशन, कुणाची बदली हे सगळं ते पातीवरून सांगतात. "तुमच्या पोरीचं लगन झालं तवा पात बोटभर होती." "मामा वारले तवा नुकतं रोप लावलं होतं." समोरच्यानं हिशेब करत बसायचं. बाजारात मिळणाऱ्या जुडीला ते 'बेवारस पात' म्हणतात. आमच्या मेव्हण्यानं मोठ्या हौसेनं त्यांना नारळाच्या भुशाची एक विटकर आणून दिली होती, हल्ली कुंडीत घालतात ती. त्यांनी ती हुंगली आणि परत दिली. "कांद्याले काय कोकनात नेऊन राहिले का तुमी?"

तसं पाहिलं तर हे लग्न जमलंच मुळी कांद्याच्या बियावर. स्नेहलला पाहायला मंडळी अमरावतीला, राजापेठेत आमच्या घरी आली ती तिघं : मुलगा, त्याची एक आत्या आणि इवाई. आत्याबाई प्रश्न विचारायला तयार होऊन आल्या होत्या. पोह्यांच्या बशा हातात दिल्या, आणि इवायांनी घाम पुसायला खिशातला रुमाल काढला. तो रुमाल ओला होता. त्याची पुरचुंडी सुटली आणि त्यातलं काहीतरी काळं टपटप करत पोह्यांत पडलं. आत्याबाईंनी डोळे मिटून घेतले. झालं होतं असं, की कांद्याचं बी वर्षभरापेक्षा जास्त जगत नाही. दुकानदारानं जुनं बी खपवलं असेल तर सगळी मेहनत पाण्यात जाते. म्हणून इवाई दहा बिया ओल्या फडक्यात बांधून, अंगाची ऊब मिळावी म्हणून, चार-पाच दिवस छातीच्या खिशात घेऊन फिरत. मुलगी पाहायला जायचं म्हणून काही ते रुमाल घरी ठेवून येणार नव्हते. तेवढ्यात स्नेहल पुढे झाली, त्यांच्यासमोर खाली बसली आणि पोह्यांतल्या मोहरीतून एकेक बी निवडून तळहातावर ठेवू लागली. मग तिनं ते निरखून पाहिलं आणि म्हणाली, "काका, दहातल्या आठांना मोड आलेत." इवायांचा चेहरा उजळला. "मंग जमलं!" ते म्हणाले. त्यांना बी जमलं असं म्हणायचं होतं, हे त्यांनी मला नंतर शपथेवर सांगितलं आहे; पण आत्याबाईंनी तो निकाल समजून लगेच साखर मागवली.

लग्नानंतर जावई नोकरीसाठी पुण्याला गेला. घर मिळालं की स्नेहलला नेतो, असं ठरलं होतं. तोवर ती अकोल्याला सासऱ्यांजवळ राहिली. दोनच माणसांचं घर. चार-सहा महिन्यांत आमची पोर फोनवर काय बोलायची, तर रोपांना पाणी झारीनं द्यायचं, नळी लावायची नाही. दाटी झाली की विरळणी करायची. उपटलेली रोपंसुद्धा टाकायची नाहीत, वरणात घालायची. बायको कपाळाला हात लावी. पण मुलीच्या आवाजात कुरकुर नव्हती, आणि दर पंधरा दिवसांनी अकोला-अमरावती गाडीचा ड्रायव्हर स्टँडवर माझी वाट पाहत उभा असे. त्याच्या केबिनमध्ये ओल्या फडक्यात गुंडाळलेली पातीची जुडी असायची. इवायांच्या हाताखाली शिकलेले ते ड्रायव्हर, मूर्तिजापूरला चहासाठी थांबले की जुडीवर पाणी शिंपडत. जुडी सोपवताना त्यांच्या चेहऱ्यावर पोस्टमनची नव्हे, पाठराखणीला आलेल्या भावाची जबाबदारी दिसायची.

पुण्याचं घर काही मिळेना. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या दिवाळीला जावई अकोल्याला आला आणि पाडव्याच्या दिवशी जेवण झाल्यावर त्यानं सांगितलं, की पुण्यात त्याचं दुसऱ्या मुलीशी जमलं आहे, दीड वर्षापासून, आणि तो आता परत फिरणार नाही. ओरडला नाही, भांडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्नेहल एक बॅग घेऊन आमच्या दारात उभी राहिली.

त्या घराबद्दल मला काय वाटलं ते लिहिण्याची गरज नाही. मुलीचे बाप ते समजू शकतील. माझ्या बायकोनं त्याच दिवशी जाहीर केलं, की या घरात अकोल्याचं नाव निघणार नाही. बसच्या पाटीवर ते नाव दिसलं तरी ती तोंड फिरवी. स्नेहल आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असायची. ती रडत नव्हती, म्हणून आम्हाला जास्त भीती वाटत होती.

सहाव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास बेल वाजली. दारात इवाई उभे होते. दोन्ही हातांत, छातीशी धरलेला थर्माकोलचा खोका. त्यात ओल्या मातीवर केसांसारखी बारीक हिरवी रोपं उभी होती, वीतभरही नाहीत. स्टँडपासून राजापेठेपर्यंत ते पायी आले होते, ट्यूशनला जाणाऱ्या पोरापोरींच्या गाड्यांच्या गर्दीतून, कारण रिक्षात रोपांना गचके बसले असते. अकोल्यापासून स्टँडपर्यंत बसमध्ये खोका मांडीवर होता. बायको उंबऱ्यातच आडवी उभी राहिली. तिनं 'या' म्हटलं नाही. मी आत खुर्चीवर बसलो होतो, आणि मला आजही कबूल करायला लाज वाटते, की मी पेपर चेहऱ्यासमोर धरला.

"मी इवाई म्हनून नाई आलो, बाई," ते म्हणाले. "हे रोप पोचवाले आलो. दसऱ्याले स्नेहलनं पेरलं. तिचं हाय. मी कसं ठेवू?"

त्यांनी खोका दाराशी हलकेच टेकवला. "सकायी पानी द्या लागते. झारीनं. धो धो नाई. येवढं सांगजा तिले." पाणी मागितलं नाही, बसू का विचारलं नाही. जिना उतरून गेले. बायकोनं खोका पायानं कोपऱ्यात सरकवला. संध्याकाळी कचऱ्याच्या गाडीत द्यायचं तिनं ठरवलं होतं. पण दुपारी आम्ही उठलो तेव्हा खोका जागेवर नव्हता. तो गच्चीवर होता, टाकीच्या सावलीत, आणि स्नेहल त्याच्याशेजारी उकिडवी बसून होती. घरी आल्यापासून ती पहिल्यांदाच खोलीबाहेर पडली होती.

पुढच्या रविवारी इवाई पुन्हा आले. रोपं बघायची होती म्हणे. त्याच्या पुढच्या रविवारी आले ते मातीची पिशवी खांद्यावर टाकून. तेव्हा मात्र बायकोचा बांध फुटला. जिन्यातच तिनं त्यांना गाठलं आणि सहा पायऱ्या खाली उभ्या असलेल्या त्या माणसाला नको नको ते ऐकवलं. तुमच्या पोरानं माझ्या पोरीची तीन वर्षं खाल्ली, तुम्ही बाप असून तुम्हाला कळलं नाही, का कळून गप्प बसलात, आणि आता माती घेऊन येता, लाज वाटत नाही? शेजारची दारं उघडली. इवाई पिशवी खांद्यावरून न उतरवता शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "मले मालूम नव्हतं, बाई. पन मालूम पायजे होतं. पोरगं माहं हाय, ते कुठी टाकू? पन चूक त्याची हाय. हे मी कोठीही सांगतो. कोनासमोर म्हना." बायकोला त्यांनी भांडायला जागाच ठेवली नाही. ती बाजूला झाली, आणि ते माती घेऊन गच्चीवर गेले.

ते येत राहिले. रविवारची सकाळची गाडी, ड्रायव्हरच्या मागची सीट, आणि तीनच्या गाडीनं परत. आमच्या घरचं पाणी मात्र पीत नसत. अकोल्याहून प्लास्टिकची बाटली भरून आणत आणि गच्चीवर टाकीला टेकून त्यातलं कोमट पाणी पीत. आपल्या मुलानं ज्या घराचा घात केला, त्या घरचं पाणी कोणत्या तोंडानं मागायचं, असं त्यांच्या मनात असावं. बायकोनं हे दोनतीन रविवार पाहिलं. चौथ्या रविवारी तिनं एक शब्द न बोलता स्नेहलच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि वर बोट दाखवलं.

रोपं लावायला आली होती. आमच्या गच्चीवर जुनी बादली, माझ्या दुकानातले चष्म्याच्या फ्रेमांचे खोके, फुटका माठ, जे मिळेल त्यात माती भरली गेली. मी खाली जेवायला बसलो होतो. बायको वाढत होती. आणि अचानक वरून आवाज आला, चांगला खणखणीत, रागावलेला. "इतकं खोल लावतात का, बाबा? तुम्हीच शिकवलं ना, मान मातीबाहेर ठेवायची म्हणून? आता कुजतील ना ती!" त्यावर इवायांचा आवाज : "माह्या चष्म्याचा नंबर वाढला असन. तुह्या बापाले सांग." आणि मग पुन्हा स्नेहल, आणखी मोठ्यानं, "चष्म्याला नावं ठेवू नका! हे उपटा आणि परत लावा!" पाच आठवड्यांत आमच्या घरात स्नेहलचा आवाज चढला नव्हता. बायकोच्या हातातला डाव वरणात तसाच राहिला. ती भिंतीकडे वळली आणि पदर डोळ्यांना लावला. कांदा त्या दिवशी कुणीच चिरला नव्हता. इवायांनी रोपं मुद्दाम खोल लावली होती का, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. चष्मा मात्र नवा करून दिला, आणि नंबर खरोखरच वाढलेला निघाला, त्यामुळे ते गूढ तसंच राहिलं.

पौषात दोन्हीकडच्या मोठ्या माणसांची बैठक झाली, अमरावतीतच, माझ्या चुलत भावाच्या घरी. इवायांकडून त्यांचे दोघे भाऊ आले होते, जावई आला नव्हता. थोरल्या भावांनी सुरुवातच अशी केली, की नवरा परगावी आहे म्हटल्यावर बायकोनं हट्ट धरून जायला हवं होतं. गच्चीवर कांदे लावत बसली, मग नवरा हातचा जाणारच. मी उठायच्या बेतात होतो. माझ्याआधी इवाई उठले. सभेत बोलायची त्यांना सवय नाही. ते बोलताना एक हात समोर धरून उभे राहिले, बसचा दांडा धरल्यासारखा.

"दादा, मी तीस साल गाडी चालवली," ते म्हणाले. "गाडी ठोकली का साहेब पयले डायवरले विचारे, चूक कोनाची? माही असली त मी माही म्हनलं. समोरच्याच्या माथी मारली नाई. हे चूक आपल्या घरची हाय. पोरीची काईच चूक नाई. तिले घरी ठेवा मी म्हनलं होतं, मले सोबत पायजे होती म्हनून. ते बी माह्या नावावर लेहा."

थोरले भाऊ तांबडे झाले. "आपल्या रक्ताच्या पोराच्या विरोधात बोलून राहिला तू?"

"विरोधात काहून? खरं बोलून राहिलो."

त्यानंतर बोलण्यासारखं फारसं उरलं नाही. कागद सुरळीत झाले, स्नेहलला कोर्टात कुणापुढे स्वतःची बाजू मांडत उभं राहावं लागलं नाही, आणि कुणी कधी तिच्याकडे बोट दाखवलं नाही. याची किंमत इवायांनी काय मोजली, ते मला पुढे कळलं, तेही सहज. फाल्गुनातल्या एका रविवारी आम्ही दोघं गच्चीवर पातीच्या जुड्या बांधत होतो. मी विचारलं, "मुलाचा फोन?" "नाई." "केव्हापासून?" त्यांनी जुडीला गाठ मारली, दातानं दोरा तोडला. "दोनदा पात कापून झाली," ते म्हणाले. भाऊही सणावारी बोलावेनासे झाले होते.

त्याच दिवशी बायकोनं पहिल्यांदा त्यांना ताटावर बसवलं. वर गच्चीतल्याच पातीचं, बेसन पेरून केलेलं कोरडं पिठलं आणि ज्वारीची भाकर. इवायांनी पहिला घास घेतला, डोळे मिटून चावला आणि म्हणाले, "तिखट कमी हाय." बायको ताडकन म्हणाली, "मग अकोल्याला जाऊन खा!" आणि दोघंही हसली. त्या घरात अकोल्याचं नाव निघालं होतं, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

कायद्यानं सगळं संपलं त्या दिवशी संध्याकाळी एक वेगळीच अडचण उभी राहिली. या माणसाला आता म्हणायचं काय? जावई गेला, की इवाई आपोआप जातो. मुलीच्या माजी सासऱ्यासाठी आपल्या भाषेनं काही शब्द करून ठेवलेला नाही, गरजच पडली नसावी. शेजारी विचारायचे, "रविवारी येतात ते कोण?" मी सांगायचो, "इवाई." "दुसऱ्या मुलीचे?" "नाही, त्याच मुलीचे." "पण तिचं तर..." "हो, तिचं तेच." शेवटी त्यांनी विचारणं सोडलं. खुद्द इवायांना मी हा पेच सांगितला तेव्हा ते म्हणाले, "एसटीतून रिटायर झालो तरी लोकं मले डायवरच म्हनतात ना."

स्नेहलनं अर्धवट सोडलेलं बी.एड. पुरं केलं. आता ती नांदगाव खंडेश्वरच्या एका शाळेत शिकवते. पहिल्या दिवशी कोणत्या गाडीनं जायचं, कोणत्या बाजूला बसलं की ऊन लागत नाही, कोणता ड्रायव्हर कुठे जोरात ब्रेक मारतो, याची यादी इवायांनी फोनवरून तासभर सांगून तिच्याकडून लिहून घेतली. शाळेच्या मागच्या भिंतीशी तिनं मुलांकडून वाफे करून घेतले आहेत. बी पेरताना ती मुलांना बोलू देत नाही, असं तिची सहशिक्षिका माझ्या दुकानात चष्मा करायला आली तेव्हा तक्रारीच्या सुरात सांगत होती. दुसऱ्या लग्नाचं एक-दोघांनी काढलं. "बघू," म्हणाली, आणि आम्ही तो विषय तिच्यावरच सोपवला आहे. तिचं हसणं परत आलं, आमचं तेवढ्यावर भागतं.

गेल्या हिवाळ्यापासून इवायांचं येणं थांबलं. गुडघ्यानं दगा दिला; एसटीची पायरी चढवत नाही. मुलगा आता सणाला फोन करतो, आणि ते बोलतात. "पोरगंच हाय," एवढंच म्हणाले. यंदा दिवाळीच्या सुट्टीत स्नेहल बॅग भरू लागली, तेव्हा तिच्या आईनं विचारलं, कुठे? "अकोल्याला," ती म्हणाली. "चार दिवस माहेरी जाऊन येते." बोलून गेली आणि स्वतःच थबकली. जिथे नवरा नाही, जिथलं सासर कागदावर मोडलं, त्या घराला ती आमच्यासमोर माहेर म्हणाली होती. मला वाटलं, बायकोला लागेल. तिनं फराळाचा मोठा डबा काढला आणि म्हणाली, "थांब. आम्हीही येतो. एका दिवसात परत येऊ."

मनातून मी एक ठरवून गेलो होतो. एवढ्या वर्षांत या माणसाला मी कधी धन्यवाद दिले नव्हते. बसमध्ये वाक्यं जुळवत होतो, मूर्तिजापूरपर्यंत दोनतीन बरी जमलीही. पण इवायांनी दार उघडलं आणि आधी स्नेहलच्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, "पेरलं का?" मग आम्हाला बसवलं, नको नको म्हणत असताना गुडघा धरत धरत चहा केला, त्यात साखर दोनदा घातली, आणि माझी सगळी वाक्यं मी त्या गोड चहाबरोबर गिळून टाकली. गच्चीवर आता डबे निम्मेच उरलेत. जिना त्यांना दिवसातून एकदाच चढवतो. स्नेहल वर गेली, तर ते खाली अंगणात खुर्ची टाकून वरच्या आवाजांवरून ती काय करते आहे ते ओळखत बसले होते. "आता झारी भरली. आता कोपऱ्यातला डबा उचलला. जड हाय तो. तिले सांगा, एकटीनं नको उचलू."

संध्याकाळी आम्ही दोघं निघालो, तेव्हा अंगणात डब्यांसाठी माती कालवत बसलेले इवाई उठून दारापर्यंत आले. स्नेहल चार दिवस राहणार होती. दारात मी खाली वाकलो आणि इवायांच्या पायांना हात लावला. वयानं ते माझ्याहून दोनच वर्षांनी मोठे. ते मागे सरायला गेले, पण गुडघ्यानं साथ दिली नाही.

"हे काहून जी, इवाई?" ते कावरेबावरे होऊन म्हणाले. "आता तं आपलं काई नातंबी नाई राह्यलं."

"म्हणून तर," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि स्नेहलला हाक मारून सांगितलं, की तुझ्या आईबापाला कोपऱ्यापर्यंत पोचवून ये, अंधार पडतो. बसमध्ये बसल्यावर बायकोनं माझ्या पांढऱ्या शर्टाकडे पाहिलं. पाठीवर पाच बोटांची ओली काळी माती उमटली होती. तिनं ती झटकायला पदर हातात घेतला, थोडा वेळ तसाच धरून बसली, आणि मग राहू दिलं.